सर्वेअरची सही: फोंड्यातल्या आमच्या ऑफिसची वाटचाल

फोंड्याच्या वरच्या बाजारात आम्ही 1999 साली सर्वेक्षणाचे ऑफिस सुरू केले. कोन मोजायचा एक थिओडोलाइट, उंचीतला फरक मोजायची एक ऑटो लेव्हल, स्टीलचा टेप आणि आयटीआयमधून सर्वेअरचा कोर्स करून आलेली दोन मुले, एवढाच पसारा होता. कामे घरगुती: भावाभावांच्या वाटणीआधीची मोजणी, घरासाठी साइट प्लॅन, कुळागराची (पोफळी-माडांच्या बागायतीची) हद्द. पुढे कोन आणि अंतर दोन्ही मोजणारे टोटल स्टेशन आले, मग उपग्रहांवरून जागा नेमकी ठरवणारे डीजीपीएस, आणि आता ड्रोनही आहे. यंत्रे पैसे देऊन घेता येतात. ती हाताळणाऱ्या माणसाचे शिक्षण चालू ठेवणे हे खरे काम, आणि आमची वाटचाल मुख्यतः त्याचीच आहे.

गोव्यात जमीन मोजायची म्हणजे आधी कागद वाचायचे. एकाच भाटाचे (बागायती जमिनीचे) तीन कागद निघतात. पोर्तुगीज काळातला कॅडस्ट्रल (जमिनीच्या हद्दींचा) नकाशा, नोंदणी कचेरीतले ‘देस्क्रिसांव’ म्हणजे जमिनीचे लेखी वर्णन, आणि 1968 च्या लँड रेव्हेन्यू कोडनंतरच्या सर्वेक्षणाचा नकाशा व एक-चौदाचा उतारा, म्हणजे गोव्याचा सात-बारा. देस्क्रिसांवमध्ये हद्दी शब्दांत असतात: पूर्वेला ओहळ, पश्चिमेला अमक्याची जमीन, दक्षिणेला कोमुनिदादची (गावकारांच्या सामाईक संस्थेची) डोंगरवट. हे कुठल्याच डिप्लोमात नीट शिकवत नाहीत. म्हणून आमच्याकडे नवीन मुलगा आला की पहिले काही महिने यंत्राइतकेच कागद हाताळतो.

सावईवेऱ्याच्या एका कुळागरातले काम मी अजून नव्या मुलांना सांगतो. कागदावर पूर्वेची हद्द ओहळ, पण ओहळाने मधल्या काळात पात्र बदललेले. शेजारच्या म्हाताऱ्या भाटकारांचे म्हणणे, “सर्वेअरबाब, आमच्या पणज्यापासून पाणी इथूनच वाहते.” पोफळींच्या मधून रानमोडी कोयत्याने साफ करत गेलो, तेव्हा जुना कोरलेला चिरा जमिनीत निम्मा गाडलेला सापडला. आम्ही नकाशावर तीन रेषा दाखवल्या: आजचा ओहळ, चिऱ्यावरून जाणारी जुनी रेषा आणि सर्वे नकाशातली रेषा. ‘हीच हद्द’ असे कुठेच लिहिले नाही, कारण सरकारी हद्दनिश्चिती भूमापन खात्याचा सर्वेअर करतो. आम्ही पुरावा मांडायचा आणि थांबायचे. दोन्ही बाजूंच्या वकिलांनी तोच नकाशा पुढे वापरला.

आता मुद्द्यावर येतो. वास्तुविशारदांना 1972 चा कायदा आहे, त्यांची कौन्सिल आहे. प्रॅक्टिस करणाऱ्या चार्टर्ड अकाउंटंटला तीन वर्षांत 120 तास शिक्षण पूर्ण करावे लागते. पण जमीन मोजणाऱ्या खाजगी सर्वेअरसाठी देशपातळीवर अशी वैधानिक परिषद नाही. टोटल स्टेशन भाड्याने आणून कोणीही फलक लावू शकतो. ज्या राज्यात जमीन बळकावण्याच्या प्रकरणांसाठी 2022 मध्ये विशेष तपास पथक नेमावे लागले, तिथे ही उणीव मला फार गंभीर वाटते.

नियमन म्हणजे काय, ते आम्ही दोन वाटांनी जवळून पाहिले. मस्कतहून परतलेला एक सहकारी आमच्याकडे आला. तिथल्या कंपन्यांत ब्रिटनच्या ‘आरआयसीएस’ या सर्वेअरांच्या व्यावसायिक संस्थेचे सदस्य असलेले सर्वेअर होते. 1868 साली स्थापन झालेल्या त्या संस्थेने 2013 पासून सदस्यांना वर्षाला किमान 20 तास शिक्षण सक्तीचे केले, त्यातले निम्मे औपचारिक. तास नोंदवले नाहीत तर कारवाई होते. दुसरी वाट घरचीच. कंपनी कायद्याखालचे नोंदणीकृत मूल्यांककांचे (मालमत्तेची किंमत ठरवणाऱ्यांचे) नियम 2017 साली आले आणि आमच्या सिव्हिल इंजिनिअर भागीदाराने जमीन व इमारत या विभागासाठी 50 तासांचा अभ्यासक्रम आणि परीक्षा दिली. परीक्षेनंतरही त्याचा अभ्यास संपला नाही, आणि अहवाल लिहिण्याची त्याची शिस्तच बदलली. प्रत्येक आकड्यामागे आधार लिहायचा, हितसंबंध असेल तर काम नाकारायचे. मोजणीलाही हेच लागू का नसावे, असे आम्ही आपापसांत विचारले आणि स्वतःपुरते लागू केले.

तेव्हापासून शनिवारी दुपारी फील्डवर कोणी जात नाही. एकाने विषय मांडायचा, बाकीच्यांनी खोदून विचारायचे, वहीत नोंद करायची. ऑफिसमागच्या अंगणात काँक्रीटमध्ये पक्के केलेले दोन बिंदू आहेत. मोठ्या कामाआधी टोटल स्टेशन त्या अंतरावर तपासतो, दोन्ही फेसवर, म्हणजे दुर्बीण सरळ आणि उलटी करून, वाचन घेतो. मोजायच्या बिंदूवर धरायचा, किरण परत पाठवणारा प्रिझम दुसऱ्या कंपनीचा लावला आणि यंत्रात त्याचा स्थिरांक बदलला नाही, तर प्रत्येक अंतरात तीनेक सेंटिमीटरचा फरक येऊ शकतो. तो नकाशावर दिसत नाही, कंपाउंडची भिंत बांधताना दिसतो.

सगळ्यात जास्त शनिवार उंचीने खाल्ले. नव्या मुलाला मिरामारच्या किनाऱ्यावर डीजीपीएस लावायला सांगा. पडद्यावर उंची उणे दिसते, तीही साठ मीटरांहून खाली. यंत्र बिघडलेले नसते. उपग्रह ज्या गणिती पृष्ठापासून उंची मोजतो ते पृष्ठ आपल्या किनाऱ्यावर समुद्रसपाटीच्या बरेच वर आहे. हा फरक समजून भारतीय सर्वेक्षण विभागाच्या बेंचमार्कला (उंची ठरलेल्या पक्क्या खुणेला) लेव्हलिंगने जोडल्याशिवाय खाजन, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतीचा नकाशा करू नये. खाजनात बांध आणि मानस (पाण्याचे दार) यांच्या पातळीत थोडा फरक पडला तरी खारे पाणी शेतात येते. डोंगरउतारावर तर 25 टक्क्यांहून जास्त उताराचा प्रश्न येतो, म्हणजे बांधकाम होणार की नाही हे कंटूरवर, म्हणजे समान उंचीच्या रेषांवर, ठरते. तिथे झाडांचे शेंडे मोजून जमिनीची उंची म्हणून देणे हा गुन्हाच म्हणावा. काजूच्या दाट भाटात ड्रोनच्या फोटोंवरून नेमके तेच होते, म्हणून तिथे आम्ही आजही पायी फिरतो.

फेब्रुवारी 2021 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय कंपन्यांना नकाशे बनवण्यासाठी पूर्वपरवानगीची अट काढली, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ड्रोन नियम आले, डिसेंबर 2022 मध्ये राष्ट्रीय भू-अवकाशीय धोरण. मोकळीक मिळाली ते बरेच झाले. पण गोव्यासारख्या छोट्या राज्यात दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ, त्यामुळे उड्डाणाआधी डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा उघडून झोन बघावाच लागतो. पायलटचे प्रमाणपत्र आमच्या एका मुलीने घेतले, आणि आता हे सगळे तीच शिकवते.

काही नियम लेखी आहेत. एकाच वादात दोन्ही पक्षांचे काम घ्यायचे नाही. फील्डबुकाशिवाय (जागेवरच्या मोजणीच्या वहीशिवाय) नकाशा सही होत नाही, आणि गणित दुसऱ्याने तपासल्याशिवाय मी सही करत नाही. नकाशावर कुठल्या बिंदूंवरून मोजले आणि अचूकता किती, हे गिऱ्हाइकाला समजेल अशा मराठीत लिहितो. यामुळे काही गिऱ्हाइके गेली; त्यांना हवी तशी रेषा हवी होती.

राज्याने खाजगी सर्वेअरची नोंदवही ठेवावी, दर काही वर्षांनी शिक्षणाचे तास पाहूनच नूतनीकरण करावे, आणि तक्रार ऐकणारे कोणीतरी असावे, अशी आमची मागणी आहे. परीक्षा कडक असली तरी चालेल. आमची मुले बसतील.

पावसात फील्डची कामे थंडावतात. येत्या जूनपासून आमचे शनिवार इतर ऑफिसांतल्या सर्वेअरनाही खुले करत आहोत. पहिला विषय जुने कॅडस्ट्रल नकाशे आणि आजचे सर्वे नंबर जुळवणे हा आहे. फी नाही. येताना आपले एखादे अडलेले काम आणि त्याचे फील्डबुक घेऊन यावे.