मॉरिशसहून बडोद्याचं ऑफिस: माझे पाच महिने

2023च्या जानेवारीत बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या स्वयंपाकघरात मी आईला सांगितलं, "जुलै ते नोव्हेंबर मी मॉरिशसहून काम करायचं म्हणतेय." आईचा पहिला प्रश्न होता, "आणि गणपती?" पैसा, व्हिसा, एकटीने राहणं, हे सगळं त्यानंतर निघालं.

मी एका अभियांत्रिकी कंपनीत पाइपिंग डिझाइन करते. कारखान्यात कुठला पाइप कुठून कसा जाणार, त्याची मॉडेलं आणि ड्रॉइंगं. कोविडनंतर आठवड्यातले तीन दिवस घरूनच काम चालायचं. मला समुद्राची ओढ लहानपणापासून आहे, आणि वयाच्या चौतिसाव्या वर्षी वाटलं, आता नाही तर पुढे जबाबदाऱ्या वाढतच जाणार.

आधी डोक्यात बाली होतं. पण बालीचं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे. बडोद्यात साडेसहाला ऑफिस सुटतं तेव्हा तिथे रात्रीचे नऊ वाजलेले असतात. मॉरिशस दीड तास मागे आहे. म्हणजे आपले सकाळचे साडेनऊ तिथले आठ, आणि संध्याकाळी पाचला मी मोकळी. बेट निवडताना फोटो नंतर बघा, आधी घड्याळ बघा, असं मी आता प्रत्येकाला सांगते.

मॉरिशसने 2020मध्ये प्रीमियम व्हिसा सुरू केला. 2023मध्ये त्याची मुदत एक वर्ष होती, फी नव्हती. मुख्य अट एवढीच होती की कमाई मॉरिशसच्या बाहेरून व्हायला हवी आणि ती महिन्याला किमान 1500 डॉलर हवी. तेव्हाच्या दराने साधारण सव्वा लाख रुपये. माझा पगार त्याच्या थोडा वर होता. अर्ज ऑनलाइन. पासपोर्ट, फोटो, पगाराचे कागद, प्रवास आणि आरोग्य विमा, परतीचं तिकीट, राहण्याची सोय. तीन आठवड्यांत मंजुरीचा मेल आला. व्हिसाबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही.

खरी परीक्षा माझ्याच कंपनीत झाली. साहेबांनी तोंडी "हो, जा की" म्हटलं आणि मी त्यावर विसंबून राहिले. दोन महिन्यांनी एचआरने कळवलं की परदेशातून काम करण्याचं धोरणच नाही, त्यामुळे परवानगी देता येत नाही. त्या संध्याकाळी सुरसागर तलावाच्या काठावर बसून मी खरंच रडले. मग डोळे पुसून विचारलं, नेमकी अडचण काय? ती मला लिहून द्या. तीन गोष्टी निघाल्या. कंपनीचा डेटा देशाबाहेर जाईल का? लॅपटॉप हरवला तर जबाबदारी कोणाची? आणि सगळ्यात मोठी: मी तिथे बसून काम केल्यामुळे कंपनीचंच तिथे कार्यालय आहे असं मॉरिशसचं करखातं धरेल का?

या तिसऱ्या प्रश्नाने मला दोन आठवडे झोप लागली नाही. शेवटी कंपनीच्या वकिलांनी परवानगीच्या पत्राचा मसुदा केला. त्यातलं चौथं कलम महत्त्वाचं: मी तिथे कंपनीच्या वतीने कुठलाही करार करणार नाही, ग्राहक शोधणार नाही, आणि मुक्काम 150 दिवसांच्या वर जाणार नाही. डेटासाठी तोडगा असा निघाला की फाइल माझ्या लॅपटॉपवर उतरवायचीच नाही, बडोद्याच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर इंटरनेटवरून दुरून काम करायचं. एप्रिलच्या शेवटी सही झाली. त्यानंतरच मी तिकीट काढलं, आणि हा क्रम कोणीही उलटा करू नये.

दिवस कमी ठेवण्याचा फायदा करातही झाला. मॉरिशसमध्ये करवर्षात 183 दिवस राहिलं की करासाठी तिथले निवासी धरतात. मी 145 दिवसच राहणार होते, आणि भारतात वर्षातला मोठा काळ असल्यामुळे इथली निवासी राहिले. सीएंनी आणखी एक नियम दाखवला: प्रीमियम व्हिसावाल्याने परदेशी कार्डाने तिथे केलेला खर्च म्हणजे तिथे आणलेलं, करपात्र उत्पन्न, असं मानत नाहीत. म्हणून तिथे खातं न उघडता सगळं कार्डावर चालवलं.

आणि ओटीपी! आपलं सिम परदेशात बंद पडलं की बँक, आयकर, सगळंच अडतं. निघण्याआधी रोमिंग चालू करून घ्या आणि भारतीय सिम फोनमधून काढू नका.

8 जुलैला मुंबईहून विमान पकडलं. फ्लिक-आं-फ्लाक हे पश्चिम किनाऱ्यावरचं गाव मी मुद्दाम निवडलं होतं, कारण जुलैत आग्नेयेचे वारे पूर्व किनाऱ्याला झोडपतात आणि पश्चिमेला आडोसा असतो. शिवाय तिथे तेव्हा हिवाळा. रात्री स्वेटर लागला. घरमालकिणीकडून आधीच सकाळी आठ वाजता मोजलेल्या इंटरनेटच्या वेगाचा फोटो मागवला होता, आणि वायफायऐवजी थेट केबल जोडायची सोय आहे का, तेही विचारलं होतं. तरी पहिल्या आठवड्यात जीव मेटाकुटीला आला. माउस हलवायचा आणि बडोद्यातली रेषा क्षणभराने हलायची. थ्रीडी मॉडेल फिरवताना तर डोळे दुखायचे. मग सहकाऱ्याशी वाटणी केली: मॉडेलिंग त्याच्याकडे, ड्रॉइंग तपासणं आणि सामानाच्या याद्या माझ्याकडे. हे निघण्यापूर्वी घरी बसून करून बघायला हवं होतं.

रोज पाचला लॅपटॉप मिटला की मी सुरूच्या झाडांतून समुद्रावर पळायचे. जुलैत सूर्य पावणेसहाच्या सुमाराला बुडतो, म्हणजे हातात पाऊण तास. लाटा दूर प्रवाळाच्या भिंतीवर फुटतात, त्याचा घुमणारा आवाज येतो, आणि अलीकडचं पाणी तळ्यासारखं निवांत. त्या पाऊण तासासाठी मी सगळे कागद पुन्हा गोळा करीन. पण अंधार पडल्यावर बसही कमी होतात, आणि ऑगस्टमध्ये मला फार एकटं वाटलं. दुपारी गाड्यावरची ढोल पुरी खायचे. डाळीचं सारण, थेट पुरणपोळीची बहीण, पण गोड नाही, रश्शासोबत. पहिल्या घासाला आईची आठवण आली होती.

मालकिणीला मी मराठी आहे हे कळलं तेव्हा ती मला शेजारच्या गावातल्या एका कुटुंबाकडे घेऊन गेली. एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर गिरमिट्या, म्हणजे करारावरचे मजूर, म्हणून आलेल्यांत मराठी माणसंही होती, बरीचशी रत्नागिरीकडची. घरात आता क्रेओल, म्हणजे फ्रेंचवरून घडलेली तिथली बोली, बोलतात, मराठी मुलं शाळेत शिकतात. गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. त्या वर्षी आपली चतुर्थी 19 सप्टेंबरला होती आणि तिथली सुट्टी 20ला, विसर्जनाची. गणपती दीड दिवसाचा. 20ला माझं बडोद्याचं ऑफिस चालू होतं, म्हणून अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

मिरवणुकीपुढे तरुण मुलं झाकरी नाचत होती. कोकणातली जाखडी तिथे पोचून झाकरी झाली आहे. दहाबारा वर्षांची एक मुलगी माझ्याजवळ आली आणि एकेक शब्द नीट लावत म्हणाली, "तुम्ही महाराष्ट्रातून आला आहात?"

"नाही गं, बडोद्याहून. गुजरातमधून."

"मग तुम्ही पण बाहेरच्या मराठी."

आमची चौथी पिढी बडोद्यात आहे. असं स्वच्छ कोणी मला आजवर सांगितलं नव्हतं.

पाणी उथळ, त्यामुळे मूर्ती घेतलेली माणसं कितीतरी आत चालत गेली, तरी कमरेपर्यंतच बुडाली. मी आईला व्हिडिओ कॉल लावला. तिच्याकडचा गणपती दहा दिवसांचा. तिने फोन देव्हाऱ्यासमोर धरला, मी समुद्राकडे. तिकडची आरती आणि इकडची आरती दीड सेकंदाच्या फरकाने चालली होती. आई बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "त्या मुलीला मोदक दिलेस का?"

30 नोव्हेंबरला परतले. आता ऑफिसातल्या दोघांना असंच जायचं आहे, एकाला लक्षद्वीपला आणि एकीला पुन्हा मॉरिशसलाच. दोघांना मी माझ्या पत्राची प्रत दिली आहे. लक्षद्वीप भारतातच, त्यामुळे त्याला चौथं कलम लागणार नाही. तिच्या प्रतीवर मात्र त्याच कलमाखाली लाल रेघ मारली आहे.