वीस वार लिननपाशी अडल्यावर

कार्ल मार्क्सच्या ‘कॅपिटल’च्या पहिल्या खंडातली माझी खूण दोन वर्षं जागची हलली नव्हती. पहिलं प्रकरण, वस्तूचं मूल्य समजावणारं समीकरण: २० वार लिनन बरोबर १ कोट. तिथवर यायचं, धागा सुटायचा, पुन्हा पान एकपासून सुरुवात. त्या पानांच्या कडेला पेन्सिलीच्या रेघांवर रेघा, आणि पुढचा सगळा खंड कोरा करकरीत.

वाट सापडली ती मार्क्सच्याच एका पत्रात. १८६७ साली पुस्तक निघालं, त्याच वर्षी त्याने हॅनोव्हरच्या डॉक्टर कुगेलमान यांना कळवलं, की तुमच्या पत्नीला आधी कामाचा दिवस, सहकार्य, श्रमविभागणी, यंत्रं आणि आदिम संचय (भांडवल मुळात कसं साठलं ते) एवढं वाचू द्या. लेखकच मधून सुरू करा म्हणतो, मग मी कशाला अडून बसू?

कामाच्या दिवसाचं प्रकरण मी एका रात्रीत संपवलं. त्यात विल्यम वुड आहे. वय ९, भांड्यांच्या कारखान्यात कामाला लागला तेव्हा ७ वर्षं १० महिने. साचे वाळवणीच्या खोलीत न्यायचे, रिकामे परत आणायचे. सकाळी सहा ते रात्री नऊ. सरकारी चौकशीतल्या या नोंदी मार्क्स एकामागून एक समोर ठेवत जातो. पुस्तक मिटलं तरी त्या मुलाची पंधरा तासांची येरझार डोळ्यांपुढून जाईना.

मार्क्स कुठून वाचायला घेऊ असं कोणी विचारलं तर मी आधी ‘वेज लेबर अँड कॅपिटल’ हातात देते. मार्क्सचीच छोटी पुस्तिका, मूळ १८४९ची. १८९१च्या आवृत्तीत त्याचा सहकारी एंगल्सने एक दुरुस्ती केली: कामगार श्रम विकत नाही, श्रमशक्ती विकतो. प्रस्तावनेत त्याने याचं कारण दिलंय, ते सावकाश वाचा. मालक दिवसभराची काम करण्याची ताकद विकत घेतो. ती ताकद टिकवायला जेवढं लागतं तेवढी तिची किंमत, पण तिच्याकडून काम करून घेता येतं त्याहून जास्त. मालकाच्या हाती उरणारं वरकड मूल्य येतं ते या फरकातून. मला हे कळलं तेव्हा मी उठून खोलीत फेऱ्या मारल्या होत्या.

मार्क्स-एंगल्सचा कम्युनिस्ट जाहीरनामा त्यानंतर. १८४८चा, एका बैठकीत होतो. त्यातला तिसरा भाग, इतर समाजवाद्यांवरचा, पहिल्या वाचनात सोडला तरी चालेल. लेनिनचं ‘राज्य आणि क्रांती’ मात्र घाईने घेऊ नका. ते १९१७च्या ऑगस्ट-सप्टेंबरमधलं, त्या काळच्या वादांत पाय रोवून लिहिलेलं. पॅरिस कम्यूनवरचं, म्हणजे १८७१ मध्ये पॅरिसच्या कामगारांनी थोडा काळ चालवलेल्या सरकारवरचं, मार्क्सचं लिखाण आधी वाचलेलं असेल तरच त्यातला मुद्दा उलगडतो.

आणि शक्यतो एकटं वाचू नका. मी आणि एक मैत्रीण दर रविवारी मोठ्याने वाचतो, एक परिच्छेद तिचा, एक माझा. अडलं की थांबायचं, आपापल्या पगाराचं उदाहरण घालून बघायचं. गेल्या महिन्यात आम्ही लिनन आणि कोटाकडे परत गेलो. आता खूण त्याच प्रकरणाच्या चौथ्या भागात आहे, लाकडाचं टेबल बाजारात आलं की डोक्यावर उभं राहतं असं मार्क्स म्हणतो, तिथे.