शहात्तर–शहात्तर

माझ्या भाच्याकडे एक काळी टोपी आहे. तिच्या पुढच्या बाजूला एन आणि वाय ही दोन इंग्रजी अक्षरे एकमेकांत गुंतवून पांढऱ्या दोऱ्याने भरलेली आहेत. पुण्यातल्या पदपथावर घासाघीस करून घेतलेली ही टोपी तो कॉलेजला घालतो, गड चढताना घालतो, आणि एकदा तर सत्यनारायणाच्या तीर्थप्रसादालाही ती घालून आला होता. ही अक्षरे कशाची, असे मी विचारले तेव्हा त्याने क्षणाचाही विलंब न लावता उत्तर दिले, "न्यूयॉर्क, मामा." ती न्यूयॉर्कच्या यँकीज नावाच्या बेसबॉल संघाची आहेत हे त्याच्या गावीही नव्हते, आणि असायला हवे असा माझाही आग्रह नाही. मला मात्र त्या संघाच्या जुन्या मोसमांचे तक्ते उघडून बसायला तेवढे निमित्त पुरले.

वर्तमानपत्र शेवटच्या पानापासून वाचायला घेणाऱ्यांपैकी मी एक आहे. रणजी करंडकाच्या गुणतक्त्यात मुंबई कुठे आणि महाराष्ट्र कुठे हे पाहिल्याशिवाय लहानपणी चहा गोड लागत नसे, आणि पहिल्या क्रमांकापेक्षा मधल्या ओळींवर रेंगाळण्याची खोडही तेव्हापासूनचीच. यँकीज हा सत्तावीस जगज्जेतेपदांचा संघ आहे. त्याच्या विजयांविषयी एवढे लिहिले गेले आहे, की त्यात भर घालण्याची मला काही हौस नाही. माझी नजर अडकली ती १९११ सालच्या ओळीवर. विजय ७६, पराभव ७६. आपल्या लीगच्या आठ संघांत सहावा क्रमांक. पहिल्या आलेल्या फिलाडेल्फिया ॲथलेटिक्सपेक्षा साडेपंचवीस सामन्यांनी मागे (विजयांतला फरक आणि पराभवांतला फरक यांची सरासरी काढून हे अंतर मोजतात, म्हणून हा अर्धा).

कसोटी क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला बरोबरीचे अप्रूप वाटत नाही. पाच दिवस खेळून अनिर्णित राहिलेला सामनाही आपण गोडीने आठवतो. बेसबॉलला ती मुभा जवळजवळ नाहीच. बरोबरी झाली की पुढचा डाव, मग त्याच्या पुढचा, आणि अंधार किंवा पाऊस आडवा आला नाही तर निकाल लागेपर्यंत खेळायचे, असा तो खेळ. त्यामुळे १९११च्या त्या संघाने १५४ सामन्यांच्या वेळापत्रकातल्या ज्या १५२ सामन्यांचा निकाल पाहिला, त्यांतला एकही सामना मधला नव्हता. प्रत्येक सामना एक तर जिंकलेला, नाही तर हरलेला. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत असे १५२ ठाम निकाल एकमेकांवर रचत गेल्यावर शेवटी जमाखर्च शून्यावर आला, ही गोष्ट मला विलक्षण वाटते. उरलेल्या दोन सामन्यांपैकी एखादा जरी निकालात निघाला असता, तरी हे कोष्टक इतके देखणे राहिले नसते.

हा संघ तेव्हा यँकीज या नावाने वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत दिसू लागला होता, पण त्याचे रूढ नाव होते हायलँडर्स, म्हणजे डोंगरमाथ्यावरचे. मॅनहॅटन बेटाच्या उत्तरेकडे, १६८व्या रस्त्यालगतच्या उंचवट्यावर, १९०३ साली घाईघाईने उभारलेले त्यांचे लाकडी मैदान होते. त्याला हिलटॉप पार्क म्हणत. संघाचे मालक दोघे होते. फ्रँक फॅरेल जुगाराचे अड्डे चालवून श्रीमंत झालेला, आणि बिल डेव्हरी शहराचा माजी पोलीसप्रमुख. चोर-पोलीस या खेळातले दोन्ही गडी एकाच बाजूने खेळत असल्याचे असे उदाहरण विरळाच. भाच्याच्या टोपीवरची अक्षरेही याच काळातली आहेत. टिफनी या प्रसिद्ध पेढीने १८७७ साली एका जखमी पोलिसाच्या सन्मानार्थ घडवलेल्या पदकावर ती प्रथम अशी गुंफली गेली असे सांगतात, आणि १९०९ साली ती हायलँडर्सच्या पोशाखावर आली. म्हणजे आज जगभर पदपथांवर विकले जाणारे हे चिन्ह शहात्तर वेळा हरलेल्या या संघाच्याही अंगावर होते.

मोसमाचा आरंभ आगीने झाला. १४ एप्रिल १९११ला, मध्यरात्र उलटल्यावर, न्यूयॉर्कच्या दुसऱ्या आणि अधिक मातब्बर संघाचे, जायंट्सचे, पोलो ग्राउंड्स हे मैदान पेटले आणि त्याची लाकडी प्रेक्षागारे जळून गेली. हे जायंट्स म्हणजे हायलँडर्सना बरोबरीचे मानायलाही तयार नसलेले शेजारी. मोठ्या लीग दोन, आणि त्यांच्या विजेत्यांमध्ये शेवटी जागतिक मालिका, अशी बेसबॉलची रचना. १९०४ साली हायलँडर्स आपल्या लीगमध्ये अग्रभागी असताना, त्या लीगच्या विजेत्याशी आम्ही जागतिक मालिका खेळणारच नाही, अशी भूमिका जायंट्सच्या मालकांनी घेतली होती. तरीही फॅरेलने त्यांना आपले मैदान देऊ केले, आणि जूनच्या अखेरीपर्यंत जायंट्स हिलटॉप पार्कवर पाहुणे म्हणून खेळले. एक संघ गावाबाहेर दौऱ्यावर गेला की दुसरा घरी खेळणार, अशी ती सोय होती. आपल्याकडे चाळीत एकाच खोलीत दोन पाळ्यांचे बिऱ्हाड असे, त्यातलाच हा प्रकार. पुढे पाहुण्यांनी ९९ सामने जिंकून आपल्या लीगचे अजिंक्यपद पटकावले, आणि यजमान ७६ वर थांबले. माती तीच, फळ्या त्याच, पायऱ्याही त्याच.

यजमानांकडे काहीच नव्हते असेही नाही. बर्डी क्री या त्यांच्या सीमेकडच्या क्षेत्ररक्षकाची फलंदाजीची सरासरी त्या वर्षी .३४८ होती, म्हणजे शंभरातल्या सुमारे पस्तीस संधींत त्याचा फटका यशस्वी ठरला, आणि तीन बेस, म्हणजे धावताना गाठायचे तीन टप्पे, मिळवून देणारे फटके त्याने २२ मारले. चेंडूच्या गाभ्यात बूच घातल्यामुळे त्या वर्षी सगळ्यांचेच फटके लांब जाऊ लागले होते, हे खरे. तरीही हे आकडे खाली मान घालायला लावणारे नाहीत. पण मला अधिक रस आहे तो रसेल फोर्ड या पिचरमध्ये, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणाऱ्यामध्ये. कॅनडात जन्मलेल्या या माणसाने १९१०च्या आपल्या पहिल्या पूर्ण मोसमात २६ सामने जिंकून फक्त ६ गमावले होते. १९११ साली त्याने २२ जिंकले आणि ११ गमावले. त्याच्या चेंडूला अखेरच्या क्षणी एक अनाकलनीय वळण मिळे, आणि तो चेंडूला थुंकी लावतो म्हणून तसे होते, अशी लोकांची समजूत त्याने स्वतःच करून दिली होती. थुंकी लावणे तेव्हा नियमात बसत असे. खरा प्रकार वेगळा होता. १९०८ साली अटलांटाच्या संघात सराव करताना त्याच्या हातून सुटलेला एक चेंडू खांबावर आपटून खरचटला, आणि पुढच्या फेकीत तो भलत्याच दिशेने वळला. ते फोर्डच्या लक्षात राहिले. मग त्याने हातमोजात पॉलिश पेपरचा तुकडा दडवला आणि तो चेंडूची एक बाजू गुपचूप घासू लागला. ही चलाखी १९१४पर्यंत झाकून राहिली. २०१८ साली केप टाउनच्या कसोटीत ऑस्ट्रेलियाच्या खेळाडूच्या हाती तोच कागद कॅमेऱ्याला दिसला आणि जगभर गहजब झाला, तेव्हा बेसबॉलचे जुने जाणकार मिशीतल्या मिशीत हसले असतील. इतकी वर्षे लपवायला कॅमेरा नसावा लागतो हे मान्य, पण थुंकीची सबब पुढे करण्याची युक्ती मला त्या कागदाहूनही वरच्या दर्जाची वाटते.

फोर्डचा हिशेब संघाच्या हिशेबातून वजा करून पाहण्याचा मोह मला आवरला नाही. उरतात विजय ५४ आणि पराभव ६५. म्हणजे ज्याला आपण मध्यम म्हणतो आहोत तो संघ प्रत्यक्षात बराच खालचा होता, आणि त्याला मध्यापर्यंत उचलून धरणाऱ्या हातात पॉलिश पेपर होता.

दुसरा माणूस हॅल चेस. तो पहिल्या बेसचा खेळाडू होता, म्हणजे फलंदाज तिथे पोहोचण्याआधी सोबत्यांच्या फेकी झेलून त्याला बाद करणारा, आणि त्या जागेवर इतक्या लवचिकपणे खेळणारा कोणी आपण पाहिला नाही, असे त्याच्या काळातले अनेक जण म्हणत. लोक त्याला प्रिन्स हॅल म्हणत. १९१० साली हायलँडर्स ८८ सामने जिंकून दुसरे आले, पण मोसम संपायच्या आत व्यवस्थापक जॉर्ज स्टॉलिंग्जने चेसवर आरोप केला, की हा मुद्दाम ढिलाईने खेळतो. मालकांनी आणि लीगच्या अध्यक्षांनी चेसची बाजू घेतली, स्टॉलिंग्ज बाहेर गेला, आणि ज्याच्यावर आरोप होता तोच व्यवस्थापक झाला. १९११चा मोसम हा त्याच्या हाताखालचा एकमेव पूर्ण मोसम. पुढे अनेक वर्षे, निरनिराळ्या संघांत, सामने पैशासाठी सोडल्याचे आरोप त्याचा पाठलाग करत राहिले, आणि १९१९नंतर तो मोठ्या लीगमध्ये पुन्हा खेळला नाही.

यात त्रास आहे तो वाचणाऱ्याला. पहिल्या बेसचा खेळाडू सामना हरवतो तो काही चेंडू सोडून नव्हे. बेसपाशी अर्धे पाऊल उशिरा पोहोचले की पुरते. सोबत्याची अचूक फेकही मग वाईट दिसते, आणि चूक सोबत्याच्या नावावर लागते. त्या ७६ पराभवांपैकी एखादा तसा होता की एकही नव्हता, हे तक्ता सांगत नाही. विजयांची बाजू एका चलाखीने सावरलेली आणि पराभवांच्या बाजूवर संशयाची सावली, अशा स्थितीत बरोबर मधोमध उभा राहिलेला हा तराजू पाहताना त्याच्या पारड्यांखाली हात घालून पाहावेसे वाटते. स्टॉलिंग्जचे मात्र बरे झाले. १९१४ साली त्याच्या बोस्टन ब्रेव्ह्ज संघाने जुलैच्या मध्यात तळाला असताना उसळी घेतली आणि जागतिक मालिका सलग चार सामन्यांत जिंकली.

चेसने मोसम संपल्यावर व्यवस्थापकपद सोडले, खेळाडू म्हणून तो संघात राहिला. पुढच्या वर्षी, १९१२ साली, हायलँडर्सनी ५० सामने जिंकले, १०२ गमावले आणि ते अगदी तळाला गेले. त्या वर्षीच्या एखाद्या ऑगस्टमधल्या दुपारी हिलटॉपच्या फळ्यांवर बसून आणखी एक पराभव पाहणाऱ्या कारकुनाला गेल्या वर्षीचे शहात्तर विजय केवढे वाटले असतील, असे माझ्या मनात येते. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा रविवारी व्यावसायिक सामने भरवायला कायद्याने मनाई होती आणि मैदानावर दिवेही नव्हते, तेव्हा कचेरीतून काही तरी सबब सांगूनच तो आला असणार.

१९१३ साली जायंट्सनी जुने ऋण फेडले. पुन्हा बांधलेल्या पोलो ग्राउंड्सवर त्यांनी हायलँडर्सना भाडेकरू म्हणून जागा दिली, आणि तेव्हापासून यँकीज हेच नाव कायम झाले. हिलटॉप पार्क १९१४ साली पाडले गेले. त्या जागी आज एक मोठे रुग्णालय आहे. तिथल्या बागेत, जिथे फलंदाज उभा राहत असे नेमक्या त्याच ठिकाणी, होम प्लेटच्या, म्हणजे फलंदाजाजवळच्या पाचकोनी फळीच्या, आकाराची एक पाटी जमिनीत बसवलेली आहे.

हे सारे मी भाच्याला सांगितले. त्याने टोपी काढून अक्षरांकडे एकदा पाहिले आणि विचारले, "मामा, पण सहावे आले ना ते?" मी म्हटले, आठांत सहावे. त्याने टोपी पुन्हा घातली, आणि या वेळी उलटी.