किरणोत्सवातला सूर्य आणि मृगातली बाकीची मंडळी

कोल्हापूरच्या अंबाबाईच्या किरणोत्सवाचे, म्हणजे मावळतीची किरणं थेट गाभाऱ्यातल्या मूर्तीवर पडतात त्याचे, फोटो दरवर्षी व्हॉट्सॲपवर फिरतात, किरणं कमरेपर्यंत आली का चेहऱ्यापर्यंत यावर चर्चा होते, ढग आडवे आले की हळहळ होते, पण तारखांकडं फारसं कोण बघत नाही. 9 ते 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी. या दोन्हींच्या बरोबर मध्ये येतो 22 डिसेंबर, म्हणजे सूर्य दक्षिणेकडनं परत फिरतो तो दिवस. सूर्य दक्षिणेला सरकताना क्षितिजावर ज्या ठिकाणी मावळतो, तिथंच तो परत फिरताना पण मावळतो, आणि तेवढी रेघ गाभाऱ्यापर्यंत सरळ येते. नाद खुळा!

पण हे झालं खगोलशास्त्र, म्हणजे कोण कधी कुठं दिसतो त्याचा हिशोब. खगोलभौतिकीला पडतो पुढचा प्रश्न, की देवीच्या पायावर पडलेला हा उजेड मुळात तयार कसा झाला?

सूर्य सोडल्यापासून त्याला इथं यायला 8 मिनिटं 20 सेकंद लागतात, पण गाभ्यातली ऊर्जा पृष्ठभागापर्यंत यायला हजारो वर्षं गेलेली असतात, कारण आत एवढी दाटी की ती जोतिबाच्या चैत्र यात्रेत सापडलेल्या माणसागत दोन पावलं पुढं, एक मागं, एक आडवं अशी सरकते. गाभ्याचं तापमान दीड कोटी अंश, दर सेकंदाला साधारण 60 कोटी टन हायड्रोजनचा हेलियम होतो आणि त्यातलं 40 लाख टनांपेक्षा जास्त वस्तुमान ऊर्जा होऊन निघून जातं.

आता हे कळलं कसं, तिथं तर कोण गेलं नाही. उजेड फोडून बघितला म्हणून. 1868 च्या खग्रास ग्रहणात जान्सेन हा फ्रेंच शास्त्रज्ञ गुंटूरला येऊन सूर्याचा वर्णपट, म्हणजे उजेड फोडून पडलेला रंगांचा पट्टा, बघत होता, पुढं त्या वर्णपटातली एक पिवळी रेघ माहितीतल्या कुठल्याच मूलद्रव्याशी जुळेना, म्हणून लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञानं त्या नव्या मूलद्रव्याला हेलियम म्हटलं. पृथ्वीवर तो सापडला 1895 ला! माझ्या मते सगळ्या विज्ञानात याच्यापेक्षा भारी गोष्ट नाही.

बाकी खगोल बघायचा तर थंडीत अमावास्येच्या आसपास पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर जावा, शहरात दिव्यांमुळं काय दिसत नाही. एकटं मृग नक्षत्र बघितलं तरी निम्मा सिलॅबस होतो. तीन ताऱ्यांच्या पट्ट्याखाली जो धुरकट ठिपका दिसतो तो तेजोमेघ, म्हणजे वायू आणि धुळीचा ढग, सुमारे 1300 प्रकाशवर्षं लांब (उजेड वर्षभरात जेवढं अंतर कापतो ते एक प्रकाशवर्ष), तिथं नवे तारे जन्मतायत. वरच्या अंगाला तांबूस काक्षी, म्हणजे बेटलज्यूस, हा म्हातारा, इतका फुगलाय की सूर्याच्या जागी ठेवला तर मंगळापर्यंतचे ग्रह पोटात जातील. 2019 च्या शेवटी तो अचानक मंद झाला तेव्हा आता फुटतोय म्हणून नेटवर नुसता गोंधळ, निघाली त्यानंच बाहेर टाकलेली धूळ. फुटेल हे नक्की, पण उद्या का लाख वर्षांनी ते सांगता येत नाही.

तिथनं खाली व्याध हा तारा, 8.6 प्रकाशवर्षांवर. त्याचा जोडीदार कधीच विझलाय, आता नुसता श्वेतबटू, म्हणजे ताऱ्याचा उरलेला दाट गाभा, राहिलाय, आकार पृथ्वीएवढा आणि वजन सूर्याएवढं. असा बटू सूर्याच्या 1.4 पटीपेक्षा जड असूच शकत नाही हे आपल्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी विशीत काढलं, त्या काळी एडिंग्टन या बड्या इंग्रज शास्त्रज्ञानं भर सभेत त्यांची खिल्ली उडवली, आणि नोबेल मिळालं 1983 ला. गाभा त्याच्यापेक्षा जड उरला तर आणखी दाबला जाऊन न्यूट्रॉन तारा होतो, आणि फारच जड असला तर कृष्णविवर, ज्यातनं उजेडही सुटत नाही.

मोठ्या माणसांशी वाद घालायची परंपरा आपल्या गावाकडं पण आहे हां. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर जन्मले कोल्हापुरात, 1938 ला, आणि विश्वाची सुरुवात महास्फोटानं झाली असं सगळं जग म्हणत असताना हा माणूस शेवटपर्यंत पटत नाही म्हणत राहिला, तेही नुसतं बोलून नव्हे, गणितं मांडून. पुरावे बघता मला महास्फोटच बरोबर वाटतो, पण पुण्यात 1988 साली आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था उभी करून त्यांनी विरोधी मताच्या पोरांनाही तिथं काम करू दिलं, हे आपल्याकडं किती ठिकाणी होतं सांगा. तिथल्याच मंडळींनी 2017 ला सरस्वती नावाचा दीर्घिकांचा, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांच्या बेटांचा, महासमूह शोधला, 400 कोटी प्रकाशवर्षं लांबचा.

तेवढं लांबचं काय डोळ्याला दिसणार नाही, पण देवयानी दीर्घिका दिसते, 25 लाख प्रकाशवर्षं. नोव्हेंबरात रात्री आठच्या सुमाराला डोक्यावर बघा, आणि मोबाईल खिशात ठेवा, अंधाराला डोळे सरावायला वीसेक मिनिटं तरी लागतात.