टू-वे अ‍ॅनोव्हा झाला, आता पोस्ट हॉक कुठली? माझा अनुभव

टू-वे अ‍ॅनोव्हा म्हणजे दोन घटकांमुळे सरासऱ्यांत खरा फरक पडतो का हे बघणारी चाचणी, आणि पोस्ट हॉक म्हणजे त्यानंतर नेमक्या कुठल्या सरासऱ्या वेगळ्या हे शोधणारी तुलना. एमएस्सी अ‍ॅग्रीला माझी ट्रायल रब्बी ज्वारीवर होती. ३ वाण, नत्राचे ४ डोस म्हणजे हेक्टरी ०, ४०, ८०, १२० किलो, फॅक्टोरियल आरबीडी (प्रत्येक ब्लॉकमध्ये वाण-डोसची सगळी कॉम्बिनेशन, जागा लॉटरीने), ३ रेप्लिकेशन म्हणजे ३ ब्लॉक, एकूण ३६ प्लॉट. काढणी-मळणी, वजनं सगळं उरकून अ‍ॅनोव्हा टेबल काढलं तर वाण सिग्निफिकंट (म्हणजे फरक नुसता योगायोग वाटत नाही), नत्र सिग्निफिकंट आणि इंटरॅक्शनपण सिग्निफिकंट, मला वाटलं सुटलो.

जुन्या थिसिसमध्ये बघितलं तसंच मीपण १२ च्या १२ कॉम्बिनेशनना डंकन (सगळ्या जोड्या तपासणारी एक पोस्ट हॉक चाचणी) लावला आणि सॉफ्टवेअरने प्रत्येक आकड्यापुढे एबी, बीसीडी, सीडीई अशी अक्षरं छापून दिली (एखादं अक्षर सामाईक असलं तर त्या दोघांतला फरक सिग्निफिकंट नाही). मॅडमनी टेबल बघून एवढंच विचारलं, "यातल्या नेमक्या कुठल्या जोड्यांचं उत्तर हवंय तुला?" मला सांगता येईना. १२ कॉम्बिनेशनच्या ६६ जोड्या होतात, आणि फरक कुठेच नसता तरी ५ टक्क्यांच्या हिशोबाने सरासरी तीनेक जोड्या नुसत्या योगायोगाने सिग्निफिकंट निघतात, डंकन हे पुरेसं आवरत नाही. शिवाय एका वाणाला ४० किलो आणि दुसऱ्याला १२० किलो ही तुलना करून शेतकऱ्याला सांगणार काय?

मग नुसत्या नत्राच्या सरासऱ्यांना टुकी (जोड्या जास्त तितकी कडक होणारी पोस्ट हॉक चाचणी) लावावी का, तर तेही नाही, कारण इंटरॅक्शन आहे म्हणजे प्रत्येक वाण नत्राला वेगळा प्रतिसाद देतोय आणि तिन्हींची सरासरी कुठल्याच वाणाची नसते. म्हणून एकेका वाणाच्या आत डोस तपासायचे, ४ डोसच्या ६ जोड्या. इथे माझी मोठी चूक झाली, मी डेटाचे तीन तुकडे करून तीन वेगळे अ‍ॅनोव्हा चालवले आणि एरर डीएफ (प्लॉटांमधला योगायोगाचा फरक मोजायला उरलेली माहिती) २२ चा एकदम ६ झाला, त्यामुळे चांगले दिसणारे फरकसुद्धा नॉन-सिग्निफिकंट. मॉडेल एकच ठेवायचं, एरर त्यातलाच घ्यायचा. आर या सॉफ्टवेअरमधलं ईएममीन्स पॅकेज ते नीट करतं, फक्त टुकीचं करेक्शन ते प्रत्येक वाणाच्या आतल्या ६ जोड्यांपुरतंच करतं हे लक्षात ठेवा, सगळ्या १८ मिळून हवं असेल तर होल्म वगैरे दुसरं करेक्शन वेगळं सांगावं लागतं. आणि फक्त शून्य किलोच्या कंट्रोलशीच तुलना हवी असेल तर डनेट चाचणी, जोड्या कमी म्हणून पॉवर (खरा फरक पकडायची ताकद) जास्त.

एवढं झाल्यावर स्टॅटिस्टिक्सच्या सरांनी जे सांगितलं ते मला सगळ्यात पटलं. वाण ही नावं आहेत, त्यांची जोडीजोडीने तुलना ठीक, पण नत्र हे मोजमाप आहे, ८० आणि १२० मध्ये फरक आहे का यापेक्षा उत्पादन कुठपर्यंत वाढतं आणि कुठे थांबतं हे बघ. मग नत्राचे ३ डीएफ लिनियर (सरळ रेषा), क्वाड्रॅटिक (एक वळण), क्युबिक (दोन वळणं) असे फोडले, प्रत्येक वाणाचा वेगळा कर्व्ह काढला आणि टुकी फक्त एकेका डोसवर वाणांची तुलना करायला ठेवली.

अक्षरांचं ते पानभर टेबल काढून टाकलं, त्याच्या जागी तीन कर्व्हचा एक ग्राफ गेला आणि व्हायव्हात निम्मे प्रश्न त्याच ग्राफवर आले.