बिल फाडलं म्हणजे माल विकला नव्हे

शेतीपंपाचे मोबाइल स्टार्टर, म्हणजे फोनवरून मोटार चालू-बंद करणाऱ्या पेट्या, बनवणाऱ्या छोट्या कंपनीचा शेअर पडला की भागधारक मंडळींत दोन तट पडतात. एक म्हणतो माल महाग आहे, दुसरा म्हणतो जाहिरात कमी पडते. दोघांचीही नजर भावाच्या आलेखावर. माल जिथे बसतो ती जागा तर आपल्या दारात आहे: कोल्हापूरकडची, पंचगंगा, भोगावतीच्या काठची मोटार.

माझं स्पष्ट मत आहे की ही पेटी शेतकरी निवडत नाही, वायरमन निवडतो. आणि वायरमनला ती नको असण्याची कारणं अगदी बारीक आहेत.

काम एवढंच की रात्रपाळीची वीज आली की घरून मोटार चालू व्हावी. पेटीतल्या सिमवर कॉल गेला की आतला छोटा स्विच (रिले) मोटारीच्या मोठ्या स्विचला (कॉन्टॅक्टर) सप्लाय देऊन तो ओढून घेतो. पण लाइनच्या शेवटच्या टोकाला 415 व्होल्टच्या जागी समजा 345 मिळाले आणि पेटीचा लो व्होल्टेज कटऑफ, म्हणजे ज्याच्या खाली ती मोटार चालू करत नाही तो आकडा, कारखान्यातूनच 360 ला लावून आला असेल, तर मोटार उचलणारच नाही. मग वायरमन पेटी बायपास करून जुन्या स्टार्टरवर जोडणी करून देतो. सिंगल फेजिंगचं (तीनपैकी एक फेज गेली की मोटार बंद करण्याचं) संरक्षण पेटीतच होतं, ते गेलं. पुढे एक फेज उडाली की मोटार जळते आणि नाव पेटीचं खराब होतं. कटऑफ जागेवर बदलता येत असता तर एवढं रामायण झालं नसतं.

दुसरी भानगड सिमची. रिचार्ज संपला की पेटी गप्प. शेतकरी समजतो बिघडली. पेटीत 2जी मॉड्यूल असेल तर जिओचं सिम चालतच नाही, कारण जिओकडे 2जी जाळंच नाही. आणि नुसत्या ॲपवर चालणारी पेटी असेल तर काठावर डेटाची रेंज लागते. साधा मिस्ड कॉल पुरत असताना ॲप कशाला, हा शेतकऱ्याचा सवाल रास्तच आहे.

आता ताळेबंद. समजा वर्षाची विक्री 40 कोटी आणि 31 मार्चला डीलरांकडून येणं बाकी 22 कोटी. येण्यात 18 टक्के जीएसटी धरलेला असतो, विक्रीत नसतो. म्हणून आधी 22 ला 1.18 ने भागा: 18.64 कोटी. त्याला 40 ने भागून 365 ने गुणा: वसुलीला सरासरी 170 दिवस. नव्वद दिवसांची उधारी सांगणाऱ्या कंपनीचे 170 दिवस निघाले तर माल डीलरच्या माळ्यावर पडून आहे असं समजायला जागा आहे. मार्चएंडला बिलं फाडायची, जूनमध्ये पाऊस लागला की काठावरच्या मोटारी वर काढतात, मग पेटी दिवाळीपर्यंत कोण विचारणार?

येण्यांच्या वयाचा तक्ता तळटिपांत असतोच. त्यात 'सहा महिने ते एक वर्ष' आणि त्यापुढचे रकाने दरवर्षी फुगतात का ते पाहा. साठ्यात कच्चा माल घटतोय आणि तयार माल वाढतोय, हे त्याहून वाईट. ॲप बनवायचा खर्च मालमत्ता म्हणून दाखवला असेल तर नफ्यातून तो वजा करूनच बघावा.

ब्लॅकबेरीवाल्यांचा प्लेबुक टॅब्लेट आठवा. एप्रिल 2011 मध्ये 499 डॉलरपासून आला, पहिल्या तिमाहीत सुमारे 5 लाख नग दुकानांकडे रवाना, पुढच्या तिमाहीत फक्त 2 लाख. डिसेंबरात पडून राहिलेल्या साठ्याच्या तोट्यापोटी 48.5 कोटी डॉलरची तरतूद करावी लागली. ईमेलसाठी नावाजलेल्या कंपनीच्या यंत्रात स्वतःचं ईमेल ॲपच नव्हतं. ते फेब्रुवारी 2012 मध्ये आलं. रवाना झालेला आकडा पाहून खूश झालेले फसले.

सौर पंपांमुळे या पेट्यांची मागणी घटते, हा मुद्दा वेगळा आणि खरा आहे. 3, 5, 7.5 एचपीचे सौर पंप दिवसा चालतात, त्यांना स्वतःचा कंट्रोलर असतो. तिथली मागणी परत येणार नाही. सहकारी पाणीपुरवठा संस्थांच्या मोठ्या मोटारी राहतील, पण तिथे मोटार चालवायला पंप ऑपरेटर आणि पाणी सोडायला पाटकरी आधीच पगारावर आहेत, मग पेटी कशाला?

वार्षिक सभेसाठी स्पीकर (प्रश्न विचारणारा भागधारक) म्हणून वेळेत नाव नोंदवा आणि दोनच गोष्टी विचारा: मागच्या वर्षी पहिल्यांदा माल घेतलेल्या डीलरांपैकी किती जणांनी यंदा पुन्हा ऑर्डर दिली, आणि वॉरंटीत परत आलेल्या पेट्यांपैकी किती नुसत्या रिचार्जवाचून बंद होत्या?