भरती-सुकती लॉग ७: दुहेरी कंसातला १ आणि २४ मीटरची भरती
मंडळी, तीन रविवार खाल्लेला बग काल रात्री सापडला म्हणून लगेच लिहितोय. मागच्या वेळी सांगितलं होतं की रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर, वोल्फ्रॅम या गणिताच्या भाषेत लिहिलेल्या माझ्या भरतीच्या सूत्रात चंद्र-सूर्याच्या ओढीचे चारही घटक (एम२, एस२, के१, ओ१) नीट बसले, आलेख गोव्यातल्या रायबंदरच्या सेन्सरच्या रीडिंगशी छान जुळतोय, आता फक्त दिवसातली सगळ्यात मोठी भरती किती वाजता ते काढायचं की झालं. वोल्फ्रॅमच्या एनमॅक्सिमाइझला (सगळ्यात मोठी किंमत शोधणाऱ्या फंक्शनला) दिलं, ० ते २४ तास, आणि उत्तर आलं उंची २४, वेळ २४. अमावास्येला २४, भांगाच्या (कमी भरतीच्या) दिवशी पण २४. अहो, माझ्या सेन्सरला उधाणाच्या दिवशीसुद्धा सव्वादोन मीटरच्या वर पाणी कधी दिसलेलं नाही!

आणि एरर एकही नाही. तेच फंक्शन प्लॉटला दिलं की एकदम बरोबर आलेख, दोन भरत्या, दोन सुकत्या, सगळं. त्यामुळे संशय डेटावर गेला, मग फेज परत तपासले, डिग्री-रेडियन तपासलं, रास्पबेरी पायवर वोल्फ्रॅम परत टाकलं (फुकट मिळतं हे खरंच मोठं आहे, पण त्याचा कर्नल, म्हणजे हिशोब करणारा भाग, सुरू होईपर्यंत चहा होतो). शेवटी सहज २४ च्या जागी १२ घातले, तर उंची १२. तेव्हा कळलं, हा पाण्याची उंची शोधतच नाहीय, वेळच मोठी करतोय.

झालं असं. माझं भरती[ट] हे फंक्शन (ट म्हणजे वेळ) दोन गोष्टींची लिस्ट देतं, उंची आणि पाणी चढायचा वेग, आणि त्यावर न्यूमेरिकक्यूची अट आहे, म्हणजे ट हा आकडा असेल तरच ते चालतं. मी लिहिलं होतं भरती[ट][[१]], म्हणजे त्यातला पहिला भाग, उंची हवी म्हणून. प्लॉट आधी ट मध्ये आकडा भरतो आणि मग हिशोब करतो, म्हणून तिथे लिस्ट तयार मिळते. एनमॅक्सिमाइझच्या हातात मात्र ते सगळं आधीच सोडवून जातं. तेव्हा ट नुसतं चिन्ह, भरती[ट] तसंच पडून, आणि [[१]] ने त्यातला पहिला भाग उचलला. तो भाग कुठला? ट! इथे लिस्ट असायची सक्तीच नाही, वोल्फ्रॅममध्ये प्रत्येक गोष्ट डोकं (पुढचं नाव) आणि भाग अशीच असते, लिस्टचं सुद्धा [[०]] मागितलं तर उत्तर लिस्ट असं येतं. फर्स्ट (पहिला भाग देणारं फंक्शन) वापरून बघितलं, तेही तेच. मी लिस्टमध्ये वेग आधी आणि उंची नंतर ठेवली असती तर [[२]] मागितल्यावर असा भागच नाही म्हणून लाल मेसेज आला असता आणि पाच मिनिटांत सुटलो असतो. [[१]] होता म्हणून सगळं गुपचूप.

उपाय साधा. उंची[ट] असं वेगळं फंक्शन केलं, त्यालाही न्यूमेरिकक्यू, आणि [[१]] त्याच्या पोटात. [[१]] ऐवजी इंडेक्स्ड हे तयार फंक्शन पण चालतं, ते लिस्ट येईपर्यंत थांबतं. काल रात्री पहिल्यांदा खरं उत्तर आलं, २.१ मीटर, आणि वेळ भरतीच्या छापील तक्त्यापासून फक्त ९ मिनिटं लांब. घरच्यांना उठवून दाखवलं.

पण हे लिहिता लिहिता सुचतंय की ती न्यूमेरिकक्यूची अट तरी कशाला हवी? ती घातली ती राहू-केतूच्या (चंद्राच्या कक्षेच्या छेदबिंदूंच्या) १८.६ वर्षांच्या चक्राची दुरुस्ती तारखेवरून तक्त्यातून काढतो म्हणून. एका दिवसात ती दुरुस्ती हलतेच किती! दिवसाच्या सुरुवातीला एकदा काढून बाहेर ठेवली तर आत नुसते कोसाइन उरतात, ट चिन्ह असलं तरी लिस्ट लगेच तयार, आणि वेग डेरिव्हेटिव्हनेच मिळेल, म्हणजे ती दोन भागांची लिस्टच जाईल. तर वर सांगितलेला उपाय तात्पुरता समजा, येत्या रविवारी हे करतो.

सेन्सरचं विचारत होता त्यांच्यासाठी: ऑनलाइन मागवलेला उघडा अल्ट्रासॉनिक दोन महिन्यांत खाऱ्या हवेनं गेला, घेऊच नका. वॉटरप्रूफ प्रोब आणि लांब वायरवालाच घ्या, पावसाळाभर जेटीखाली टिकलाय.

शेजारचे काका खाजनातल्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातल्या) मानशीवर, म्हणजे पाण्याच्या फाटकावर, जाळं लावतात, त्यांना रात्रीच्या सुकतीची वेळ हवीय. एनमिनिमाइझ आजच लावून बघतो.